कमांड लाइनवरून डिस्कची मोकळी जागा तपासणे

संगणकाच्या डिस्कवर किती जागा भरली आणि किती उरली, हे आज्ञा टंकून पाहण्याची पद्धत. युनिक्स व लिनक्स प्रणालींवर त्यासाठी मुख्यतः दोन आज्ञा वापरतात: डीएफ, म्हणजे डिस्क फ्री, आणि डीयू, म्हणजे डिस्क यूसेज. प्रत्यक्षात त्या रोमन लिपीतील लहान अक्षरांत टंकाव्या लागतात. दोन्ही आज्ञा युनिक्सच्या १९७१ सालच्या पहिल्या आवृत्तीपासून आहेत. नवी मुंबई वसवण्यासाठी सिडकोची स्थापना झाली ती १९७० मध्ये, म्हणजे या आज्ञा आणि हे शहर जवळपास एकाच वयाचे.

नवी मुंबईतल्या ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या टीटीसी (ट्रान्स ठाणे क्रीक) औद्योगिक पट्ट्यात पूर्वी रासायनिक कारखान्यांचे वर्चस्व होते. आज त्याच पट्ट्यात, ऐरोली, रबाळे, महापे भागांत मोठमोठी डेटा सेंटर उभी आहेत. तिथल्या रॅकमध्ये बसवलेल्या सर्व्हरला सहसा मॉनिटर जोडलेला नसतो. सांभाळणारा माणूस ठाण्यातल्या आपल्या घरातून एसएसएचने, म्हणजे दूरच्या संगणकाशी सुरक्षितपणे जोडणाऱ्या सोयीने, आत शिरतो आणि त्याच्यापुढे असते ती फक्त काळी पाटी. म्हणून सर्व्हर अडला की पाळीवरचा सहकारी पहिले वाक्य बोलतो, ‘आधी डीएफ मारून बघ.’

डीएफ आणि डीयू एकच गोष्ट सांगतात असे समजणे ही नवशिक्यांची नेहमीची चूक आहे. वाशीच्या दाणाबंदरातील गोदामाचा साठा दोन प्रकारे सांगता येतो: वही उघडून किंवा आत जाऊन पोती मोजून. डीएफ वही पाहते. फाइल सिस्टीमने, म्हणजे डिस्कवर फाइली लावून ठेवणाऱ्या व्यवस्थेने, स्वतःच ठेवलेला हिशेब ती विचारते, म्हणून कितीही मोठ्या डिस्कचे उत्तर सहसा क्षणात येते. डीयू पोती मोजते. ती एकेका डिरेक्टरीत, म्हणजे फोल्डरमध्ये, शिरून फाइलींनी व्यापलेली जागा मिळवत जाते. लाखो फाइली असल्या की तिला कित्येक मिनिटे लागतात. किती जागा उरली हे डीएफ सांगते, जागा कुणी खाल्ली हे डीयू.

वापरताना डीएफला -एच हा पर्याय जोडतात, म्हणजे आकडे जीबी-एमबीत दिसतात. हा हिशेब १०२४ च्या पटीत असतो, तर डिस्क विकणारे १००० च्या पटीत मोजतात. त्यामुळे ५०० जीबीची नवी डिस्क सुमारे ४६५ दिसते. दुकानदाराने फसवले असे त्यामुळे अनेकांना वाटते, पण तसे काही नसते. डीयूला -एस दिला की प्रत्येक डिरेक्टरीची एकच बेरीज मिळते आणि ती सॉर्ट -एच या क्रम लावणाऱ्या आज्ञेतून काढली की सर्वांत मोठी डिरेक्टरी तळाशी येते. मूळ डिरेक्टरीपासून शोध सुरू करताना -एक्स अवश्य द्यावा. तो नसेल तर डीयू जोडलेल्या इतर डिस्कांतही भटकत राहते.

वही आणि पोती जुळत नाहीत, तेव्हा या विषयाचे खरे ज्ञान कामी येते. महाप्यातील एका रात्रपाळीत मी पाहिलेला प्रसंग सांगतो. डेटाबेस बंद पडला होता आणि डीएफ १०० टक्के दाखवत होती. नव्या मुलाने लॉगची, म्हणजे प्रोग्रामच्या नोंदींची, एक अवाढव्य फाइल आरएम या पुसण्याच्या आज्ञेने काढून टाकली. डीयूचा आकडा लगेच उतरला, पण डीएफ १०० टक्क्यांवरच राहिली. तो घाबरून गेला. कारण साधे होते: फाइलीचे नाव गेले होते, पण तिच्यात लिहिणारी प्रक्रिया, म्हणजे चालू प्रोग्राम, अजून ती उघडी धरून बसली होती. पोते गोदामातच होते, फक्त त्यावरची चिठ्ठी फाटली होती. चिठ्ठ्या पाहून मोजणाऱ्या डीयूला ते दिसणार कसे? अशा फाइली एलएसओएफ +एल१ (यातला +एल मात्र मोठ्या अक्षरात) या आज्ञेने सापडतात. फाइल धरून बसलेला तो प्रोग्राम पुन्हा सुरू केला आणि जागा मोकळी झाली. चालू लॉग पुसू नये, ट्रंकेट या आज्ञेने रिकामा करावा, हा धडा प्रत्येक नव्या माणसाला पहिल्याच आठवड्यात द्यायला हवा असे माझे ठाम मत आहे.

दुसरा चकवा आयनोडचा. प्रत्येक फाइलीला एक आयनोड, म्हणजे तिची माहिती ठेवणारी नोंद, लागतो आणि ईएक्सटी४ या लिनक्सच्या फाइल सिस्टीममध्ये त्यांची संख्या डिस्क फॉरमॅट करतानाच ठरते. बारीकसारीक फाइलींचा खच पडला, की जीबी शिल्लक असूनही ‘जागा नाही’ हाच संदेश येतो. तेव्हा डीएफ -आय पाहावे.

तिसरी गोष्ट राखीव जागेची. ईएक्सटी४ मध्ये साधारणतः ५ टक्के जागा रूट, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या, वापरकर्त्यासाठी बाजूला ठेवलेली असते. डिस्कच्या ५० जीबीच्या विभागात (पार्टिशनमध्ये) ४७.५ जीबी भरले की इतरांसाठी शिल्लक शून्य होते आणि डीएफ १०० टक्के दाखवते. नवी मुंबईला पाणी देणाऱ्या मोरबे धरणाची बातमी वाचताना आपण एकूण पाणी नव्हे, उपयुक्त साठा पाहतो. डीएफच्या तक्त्यातही ‘उपलब्ध’ हाच स्तंभ वाचावा. राखीव टक्केवारी ट्यून२एफएस -एम या आज्ञेने कमी करता येते. केवळ माहिती साठवणाऱ्या मोठ्या डिस्कवर ते चालते, प्रणाली जिथे बसवलेली असते त्या मूळ विभागावर मात्र राखीव जागेला हात लावू नये. डिस्क पूर्ण भरल्यावरही रूटला आत येऊन साफसफाई करता येते ती तिच्याच बळावर.

विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टवर डीआयआर ही आज्ञा दिली की यादीच्या शेवटच्या ओळीत शिल्लक बाइट दिसतात. पॉवरशेलमध्ये हेच काम गेट-पीएसड्राइव्ह करते.