चकमकीच्या लांब रायफलची नळी

अमेरिकेत ठासणीची, म्हणजे तोंडातून दारू आणि गोळी भरायची रायफल घरच्या कार्यशाळेत स्वतः जुळवण्याचा छंद आहे. नमुना बहुधा अठराव्या शतकातल्या पेनसिल्व्हेनियाच्या लांब रायफलचा, म्हणजे ‘केंटकी रायफल’चा असतो. चकमकीची कळ (गारगोटीने ठिणगी पाडून बार उडवणारी यंत्रणा), नळी, चाप आणि पितळी सामान विकत आणायचे, मेपलच्या फळीतून दस्ता कोरायचा आणि सगळे एकमेकांत बसवायचे. या सामानात नळी आधी ठरते. दस्त्यातली पन्हळ नळीच्या मापाने कोरतात, कळ नळीच्या बुडाच्या जाडीला शोभेल अशी घेतात, गोळी आत ठासायच्या गजाची जाडी नळीच्या भोकावर ठरते. नळी चुकली की ती बदलता येते, पण तिच्यासाठी कोरलेले लाकूड वाया जाते. त्यामुळे पहिलीच रायफल करणाऱ्याचे महिनेच्या महिने नळीच्या निवडीत जातात. ते जाणे वाईट नाही.

या नळीचा वंश जर्मन आहे. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात जर्मन व स्विस कारागीर पेनसिल्व्हेनियात लँकेस्टरच्या आसपास स्थायिक झाले. त्यांच्याबरोबर आलेल्या शिकारी ‘येगर’ रायफलची नळी आखूड, साधारण ३० इंचांची, आणि भोकाने मोठी, ०.६० कॅलिबरच्या, म्हणजे ०.६० इंच व्यासाच्या आसपासची असे. नव्या मुलुखात ती लांबत ४० ते ४६ इंचांपर्यंत गेली आणि भोक हळूहळू लहान झाले. लोखंडाची चपटी पट्टी तापवून सळईभोवती वळवायची, कडा वितभर-वितभर तापवून ठोकून सांधायच्या, मग आतून छिद्रण करून गोळीला फिरकी देणाऱ्या पिळदार खाचा पाडायच्या, असे हे काम चाले. खाचा पाडायचे यंत्र म्हणजे पीळ कोरलेला लाकडी दंडगोल. तो हाताने मागेपुढे ओढला की टोकाचे छोटे पाते नळीत त्याच पिळाने फिरे आणि प्रत्येक खेपेला केसाइतके लोखंड खरवडून आणी. व्हर्जिनियातल्या विल्यम्सबर्गच्या ऐतिहासिक कार्यशाळेत ही पद्धत विसाव्या शतकात पुन्हा उभी केली गेली.

लोखंड मऊ असल्याने नळ्या झिजत. झिजलेली नळी फेकत नसत. खाचा पुन्हा पाडून घेत, भोक थोडे मोठे होई, आणि मालक नव्या गोळीचा साचा करून घेई. कानाजवळ, म्हणजे आग आतल्या दारूपर्यंत नेणाऱ्या छिद्राजवळ, जळून खराब झालेले बूड कापूनही टाकत. म्हणून आज संग्रहालयात दिसणारी जुनी रायफल मुळात लांबीने जास्त आणि कॅलिबरने कमी असण्याची शक्यता असते. जुन्या नमुन्याची मापे जशीच्या तशी उचलणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवावे.

आजच्या नळ्या पोलादाच्या, सलग गजातून छिद्र पाडून केलेल्या असतात. निवडताना कॅलिबर, बाहेरचा घाट, लांबी आणि आतला पीळ असे चार प्रश्न येतात. ते वेगवेगळे विचारले जातात, पण उत्तर एकत्रच द्यावे लागते.

कॅलिबरपासून सुरुवात करतात, कारण रायफल कशासाठी हवी हे तिथेच कबूल करावे लागते. ०.३२ आणि ०.३६ ही खारीची कॅलिबरे, ०.४० आणि ०.४५ निशाणावर मारायची, ०.५० आणि ०.५४ हरणाची. पेनसिल्व्हेनियात १९७४ पासून नाताळानंतर हरणाच्या शिकारीचा खास चकमकीच्या बंदुकांचा हंगाम असतो आणि त्यासाठी किमान ०.४४ कॅलिबर लागते. इतर राज्यांचे किमान आकडे वेगळे आहेत. शिशाचा हिशेबही पाहण्यासारखा आहे. ०.३६ च्या नळीतली गोळी साधारण ४ ग्रॅमची, ०.४५ ची सव्वाआठ, ०.५० ची साडेअकरा, ०.५४ ची साडेचौदा ग्रॅमची. एक किलो शिशात पहिल्या मापाच्या सुमारे २४० गोळ्या होतात, शेवटच्या मापाच्या ७० सुद्धा होत नाहीत. दर रविवारी मैदानावर जाणाऱ्याला हा फरक खिशात जाणवतो.

तरीही पहिल्या रायफलीला ०.३२ किंवा ०.३६ घेऊ नये असे जाणते सांगतात, आणि कारण गमतीशीर आहे: गज. लांब रायफलला लाकडी गज लागतो, तो हिकरीच्या लाकडाचा आणि सर्वसाधारणपणे ३/८ इंच, म्हणजे साडेनऊ मिलिमीटर जाड. ०.३६ च्या नळीचे भोकच ९.१ मिलिमीटरचे. म्हणजे गज ५/१६ इंचाचा घ्यावा लागतो, ०.३२ ला त्याहूनही बारीक. एवढी बारीक, साडेतीन फुटांची काडी ओल्या चिंधीत गुंडाळलेली गोळी खाली ढकलताना वाकते आणि एक दिवस तुटते; तुटलेले टोक तळहातात घुसते. शिवाय लहान भोक काजळीने लवकर चोंदते, चार-पाच बारांनंतर पुसावे लागते. ०.४५ किंवा ०.५० घेतले की दोन्ही कटकटी बऱ्याच कमी होतात आणि त्या मापाच्या गोळ्या व साचे कुठेही मिळतात.

आता वजन. बाहेरून ७/८ इंच रुंदीच्या, ४२ इंच लांबीच्या सरळ आठपैलू नळ्या घेऊन हिशेब केला तर ०.५० कॅलिबरची नळी सुमारे २.४ किलो भरते आणि ०.४० ची पावणेतीन किलो. लहान कॅलिबरची रायफल हलकी असेल असे नवख्याला हमखास वाटते. प्रत्यक्षात बाहेरचे माप तेच ठेवले तर उलटे होते, कारण भोक जितके लहान तितके पोलाद जास्त उरते. रुंदी ७/८ वरून १५/१६ वर नेली, म्हणजे जेमतेम दीड मिलिमीटर वाढवली, की ०.५० च्या नळीत अर्धा किलो भर पडते. कागदावर हा फरक दिसत नाही. हात लांब करून रायफल एका जागी मिनिटभर धरली की खांद्याला कळतो.

यातून घाटाचा प्रश्न निघतो. सरळ नळी बुडापासून तोंडापर्यंत एकाच रुंदीची असते. ती स्वस्त असते, तिची पन्हळ कोरायला सोपी, आणि म्हणून वर्षानुवर्षे ‘पहिली रायफल सरळ नळीची’ असा सल्ला दिला जात आला. जुन्या अस्सल रायफलींच्या नळ्या मात्र बहुधा तशा नसत. त्या बुडाशी जाड, पुढे निमुळत्या होत तोंडाच्या अलीकडे सर्वांत बारीक, आणि तोंडाशी पुन्हा किंचित फुगलेल्या असत. या घाटाला इंग्रजीतलाच ‘स्वॅम्प्ड’ हा शब्द चालतो. आपल्याकडचे कांडायचे मुसळ हाताने धरायच्या जागी बारीक असते, तसलाच प्रकार. फक्त इथली कंबर मध्यावर नसून तोंडाकडे सरकलेली, आणि उतार इतका हळू की नळी डोळ्याशी तिरपी धरल्याशिवाय दिसत नाही. बुडाशी पोलाद हवेच, कारण दाब तिथे सर्वांत जास्त असतो. पुढचे वजन काढून टाकल्याने रायफलचा तोल डाव्या हाताकडे येतो. सरळ नळीची रायफल तोंडाकडे झुकते.

अडचण कोरण्यात होती. आठ पैलू, प्रत्येक पैलू वाकडा, आणि दोन्ही बाजूंना सतत बदलणारी रुंदी. अशी पन्हळ छिन्नीने कोरणे नवख्याचे काम नव्हे. पण आता नेमक्या त्या नळीच्या मापाने यंत्रावर पन्हळ कोरून दिलेले दस्ते मिळतात, त्यामुळे जुन्या सल्ल्यातला जोर बराच ओसरला आहे. कोरा दस्ता हाताने करायचा असेल तर सरळ नळी, कोरलेला घ्यायचा असेल तर स्वॅम्प्ड, असे म्हणणे अधिक योग्य ठरेल. यांखेरीज बुडाकडे आठपैलू आणि पुढे गोल अशीही नळी असते. ती दिसते नाजूक, पण पहिल्या कामात तिच्या वाट्याला फारसे कोणी जात नाही.

कमरेच्या बारीकपणात एक धोकाही आहे. ०.५४ ची स्वॅम्प्ड नळी कमरेत पाऊण इंचाच्या आतबाहेर रुंद असते, म्हणजे भोक वजा जाता भिंत अडीच मिलिमीटरच्या आसपास उरते. नळी दस्त्याला खिळीने अडकवण्यासाठी तिच्या पोटाला धातूचे छोटे ठोकळे बसवतात आणि त्यासाठी पोटात खाच पाडतात. सरळ नळीच्या सवयीने कानस चालवली तर ती खाच भिंतीत फार खोल जाते. अशा जागी खाच उथळ ठेवतात किंवा ठोकळा तिथे न बसवता सरकवून घेतात.

लांबीबद्दल जितक्या दंतकथा आहेत तितक्या दुसऱ्या कशाबद्दल नाहीत. लांब नळीत दारू पूर्ण जळते म्हणून ती लांब ठेवली, हे सगळीकडे ऐकू येते. ३२ आणि ४२ इंचांच्या नळ्यांत गोळीच्या वेगाचा फरक तसा थोडाच असतो. लांबीचा खरा उपयोग नेम धरताना होतो: मागची खाच आणि पुढची माशी यांतले अंतर वाढते, हाताची छोटी चूक डोळ्याला दिसते. शिवाय लांब नळी सावकाश हलते. ४२ इंची नळीची रायफल एकूण सुमारे ५८ इंच, म्हणजे १४७ सेंटिमीटर भरते. ती उभी ठेवून तोंडात दारू ओतायची असते, तेव्हा तोंड आपल्या हनुवटीच्या खाली यायला हवे. बुटक्या माणसाने ३८ इंच घ्यावे. दाट झाडीत हिंडणाऱ्यानेही.

आतल्या पिळाचा नियम सोपा आहे. चिंधीत गुंडाळलेल्या गोल गोळीला सावकाश पीळ पुरतो: ०.४५ पर्यंत ४८ इंचांत एक फेरा, ०.५० पासून पुढे ५६, ६६ किंवा ७० इंचांत एक. लांबट टोकदार गोळीसाठी केलेल्या, २८ इंचांत एक फेऱ्याच्या नळ्याही विकत मिळतात. चकमकीच्या लांब रायफलीला त्या घेऊ नयेत. गोळी भोकापेक्षा पाच ते दहा हजारांश इंच लहान असते आणि उरलेली फट तेल लावलेली सुती किंवा तागाची चिंधी भरून काढते. खाचांची पकड गोळीवर नसून चिंधीवर असते. खाच खोल असेल तर चिंधी जाड लागते. तळाला गोल असलेल्या खाचा पुसायला सोप्या, चौकोनी खाचा जुन्या धर्तीच्या. निशाणावर दोन्ही चांगल्या चालतात. या मुद्द्यावर छंदी मंडळी तासन् तास भांडतात, तेवढे त्यात काही नाही.

बुडाचे बूच मात्र भांडण्याच्या योग्यतेचे आहे. ठासणीच्या नळीचे मागचे टोक आट्याच्या बुचाने बंद केलेले असते आणि दारूचा सगळा दाब त्यावर येतो. बुचाचे तोंड आतल्या काठाला नीट टेकले नाही तर फटीत काजळी साठते, कुजते आणि विस्तवाची ठिणगी धरून ठेवते. पहिल्या वेळी बूच नळी करणाऱ्याकडूनच बसवून घ्यावे. बुचाच्या तोंडाच्या किंचित पुढे नळीच्या बाजूला कान पडतो, सुमारे दीड मिलिमीटरचा, आणि कळीवरच्या रंजकाची, म्हणजे बार पेटवणाऱ्या बारीक दारूची पेटी बरोबर त्याच्यासमोर यावी लागते. हे जुळले नाही तर घोडा पडतो, रंजक भडकते आणि बार होतच नाही. या नळ्या फक्त काळ्या दारूसाठी असतात. बिनधुराची दारू त्यात घातली की नळी फुटते. गोळी दारूवर न टेकता मधे अडकलेली राहिली तरीही फुटू शकते.

अमेरिकेत हा छंद फोफावण्यामागे कायदाही आहे. १९६८ च्या तिथल्या शस्त्र कायद्यात काडतूस न वापरणाऱ्या ठासणीच्या बंदुकांना ‘प्राचीन’ धरून बहुतेक केंद्रीय बंधनांतून वगळले. राज्यांचे नियम वेगळे असू शकतात. १९३३ साली स्थापन झालेली राष्ट्रीय ठासणी रायफल संघटना इंडियानातल्या फ्रेंडशिप या गावी स्पर्धा भरवते, आणि नवखा आपली पहिली नळी पुष्कळदा अशाच ठिकाणी हाताळून पाहतो.

भारतात परिस्थिती उलट आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात शस्त्राचे सुटे भागही ‘शस्त्र’ या व्याख्येत येतात, त्यामुळे परवान्याशिवाय नळी करणे हाच गुन्हा ठरतो. कोकणात शेतीच्या राखणीसाठी परवान्यावर ठेवलेल्या ठासणीच्या बंदुका अजून दिसतात, पण त्यांच्या नळीत पीळ नसतो. ती नळी गुळगुळीत, छऱ्यांची. रंजक, कान, गज, घोडा, माशी, बार भरणे हे सारे शब्द मराठीत तिच्यामुळे आणि तोफखान्यामुळे रुळलेले आहेत.

नळी हाती आली की आधी ती खिडकीसमोर धरून आतून पाहतात. उजेडाची वर्तुळे एकात एक नीट दिसली तर भोक सरळ आहे. मग तोंडाशी आठही पैलूंपासून भोकाचे अंतर मोजतात. एवढे लांब भोक एखाद्या बाजूला काही हजारांश इंच सरकलेले असतेच. ती बाजू वर किंवा खाली ठेवतात, डावी-उजवीकडे नाही, कारण वरखालीची चूक माशी कानसून काढता येते. बूच बसवून आलेल्या नळीत वरचा पैलू आधीच ठरलेला असतो, म्हणून मागणी नोंदवतानाच ही गोष्ट सांगून ठेवतात. नाही तर स्वतः मोजून, त्या पैलूवर खडूची रेघ ओढून, मगच कानाची बाजू ठरवायची.