पॉट हजाराचा, बेट कितीची?

गणपतीच्या दिवसांत कोकणात भजन आटोपलं की बऱ्याच घरांत पाने निघतात. पडवीत चटई पडते आणि तीन पत्तीचे डाव पहाटेपर्यंत चालतात. या खेळाच्या एका नियमाकडे खेळणाऱ्यांचं सहसा लक्ष जात नाही. पाने बघून खेळणाऱ्याला आधीच्या तशाच चालीइतकी, नाहीतर फार तर तिच्या दुप्पट चाल करता येते. मधला ढीग मात्र फेरीगणिक फुगत राहतो. ढिगात 800 रुपये साठलेत आणि डावात राहायला 20 लागतात, असा प्रसंग रात्रीतून कितीदा तरी येतो. अशा वेळी पाने टाकणं हाच मूर्खपणा वाटतो, आणि बरेचदा तो असतोही.

याची सवय लागते. पैसे रुपयांत मोजायचे, ढिगाकडे बघायचं नाही. ‘शंभरच तर हत, बघूया काय येता ता!’ हाच गडी पुढे गोव्याच्या सीमेवरचं पत्रादेवी ओलांडून पणजीला जातो, मांडवीतल्या जहाजावर पोकरच्या सर्वांत लहान टेबलाशी बसतो, आणि ही सवय सोबत नेतो. तिथे चालीला कमाल मर्यादा नाही. पुढ्यात असतील तेवढे सगळे पैसे एका दमात लावता येतात. मग किती लावायचे, हा खेळातला सर्वांत अवघड प्रश्न होऊन बसतो. त्यामागचं गणित दहावीच्या पलीकडचं नाही, हे मला या विषयातलं सर्वांत आवडतं.

कायद्याचं आधी सांगून टाकतो. गोव्यात 1976 च्या कायद्यात नंतर झालेल्या दुरुस्त्यांमुळे जहाजांवरचे कॅसिनो परवान्याने चालतात. महाराष्ट्रात 1887 चा जुगारबंदी कायदा लागू आहे, आणि 1976 साली केलेला कॅसिनोंचा कायदा कधीच अमलात न येता 2023 मध्ये रद्द झाला. तेव्हा वेंगुर्ल्याला घरी बसून हे पडताळायचं असेल तर काजूच्या बिया घ्या. बियांना ब्लाइंड (पाने बघण्याआधी सक्तीने भरायची रक्कम), पॉट (मधला ढीग), बेट (चाल) सगळं कळतं.

टेक्सास होल्डेम या प्रकारात प्रत्येकाला दोन बंद पाने मिळतात आणि मधे पाच पाने टप्प्याटप्प्याने उघडतात: आधी तीन, ती फ्लॉप; मग एक, तो टर्न; शेवटचं पान रिव्हर. सातांतली उत्तम पाच पाने ज्याची, त्याचा पॉट. प्रत्येक टप्प्यावर बेट लावता येते, आणि समोरचा तेवढेच पैसे घालून कॉल करतो, वाढवतो किंवा पाने टाकतो.

पॉटमध्ये 1000 रुपये आहेत आणि तुम्ही 500 लावलेत, असं धरा. समोरच्याला आता 500 घालून 1500 जिंकायचे आहेत. चार वेळांत एकदा जिंकला आणि तीनदा हरला तरी त्याची तोंडमिळवणी होते. तुम्ही पूर्ण 1000 लावलेत तर त्याला तीनांत एकदा जिंकावं लागेल. नुसते 200 टाकलेत तर सातांत एकदा पुरे. हिशेब असा: लावलेली रक्कम भागिले, पॉट अधिक त्या रकमेची दुप्पट. यात रुपये कुठेच उरत नाहीत, उरतं ते प्रमाण. 500 ची बेट मोठी की लहान, हे पॉट सांगितल्याशिवाय सांगता येत नाही. बेट म्हणजे पुढचं पान बघण्याचा तुम्ही लावलेला भाव.

आता पाने वाटू. तुमच्याकडे इस्पिक एक्का आणि किलवर राजा. मधे चौकट एक्का, बदाम नव्वी, बदाम चौकी, किलवर दुर्री. रिव्हर यायचा आहे. समोरच्याकडे बदाम राणी आणि बदाम सत्ती. आज तो मागे आहे, पण आणखी एक बदाम पडला की त्याचा फ्लश, म्हणजे एकाच रंगाची पाच पाने, होतो आणि तुमची एक्क्यांची जोडी मातीमोल. त्याला न दिसलेली पाने 46, त्यातले बदाम 9. म्हणजे त्याची शक्यता 19.6 टक्के, पाचांत एकापेक्षा किंचित कमी.

पॉट 1000 चा आणि तुम्ही 200 लावलेत, तर त्याला साधारण 14.3 टक्के हवेत. त्याच्याकडे त्याहून जास्त आहेत. असा कॉल करून तो दर वेळी सरासरी 74 रुपये कमावतो. वर ‘मी बेट लावली होती तरी नशिबाने मारलं’ म्हणून तुम्ही कपाळाला हात लावणार! 500 लावलेत तर तोच कॉल त्याला सरासरी 109 रुपयांना पडतो. 1000 लावलेत तर 413 रुपयांना. पारडं फिरतं ते 322 रुपयांवर, पॉटच्या एक तृतीयांशाच्या जरा खाली. त्याच्या वरची प्रत्येक बेट तुमच्या फायद्याची, अर्थात तो कॉल करत असेल तर.

हा ‘तर’ मोठा आहे. पुस्तकी खेळाडू 1000 ची बेट बघून पाने टाकेल, तुम्हाला पॉटमधले 1000 तेवढे मिळतील. मग 500 लावून त्याला डावात ठेवणं बरं नाही का? गणित करून बघू. 500 ला तो दर वेळी कॉल करतो असं धरलं तर तुमची सरासरी 1109. 1000 च्या बेटवर तो पाने टाकेल तेव्हा 1000, कॉल करेल तेव्हा 1413. दोन्ही सारखे व्हायला त्याने 26 टक्के वेळा कॉल केला की भागतं. म्हणजे चारांतल्या एका वेळेहून थोडं अधिक कॉल येत असतील, तर मोठी बेटच जास्त कमावते. लहान टेबलावरच्या मंडळींचा खेळ बघितला तर 26 टक्के ही फारच सोपी अट आहे.

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी मालवणच्या बाजारात सुरमई पन्नास रुपयांनी महागली म्हणून रांग कमी होत नाही. श्रावणापासून जीभ दाबून धरलेल्या माणसाने मासा घ्यायचा हे घरातून निघतानाच ठरवलेलं असतं. अर्थशास्त्रात याला ताठर मागणी म्हणतात. लहान टेबलावर हौसेने बसलेल्या माणसाची कॉल करण्याची इच्छा अशीच ताठर असते. तो चार तास गाडी हाकून आला आहे, पाने टाकायला आलेला नाही. अर्ध्या पॉटचा कॉल करणारा हा गडी पूर्ण पॉटचाही बहुतेक वेळा करतो. अशा गिऱ्हाइकाला स्वस्तात पान विकणं हा माझ्या मते लहान टेबलावरचा सर्वांत महागडा दोष आहे. एक सावधगिरी मात्र हवी: बदाम पडल्यावरही तुम्ही एक्क्यांना चिकटून त्याची पुढची बेट भरणार असाल, तर वरच्या हिशेबातला तुमचा फायदा तिथे परत जातो.

याच नाण्याची दुसरी बाजू म्हणजे ब्लफ. हातात काहीच नसताना अर्धा पॉट लावलात तर तो तीनांत एकदा तरी यशस्वी व्हायला हवा. पूर्ण पॉट लावलात तर दोनांत एकदा. समोर एकच जण असेल तर ठीक. पण लहान टेबलावर फ्लॉप बघायला चार-पाच जण बसलेले असतात. तिघे समोर आहेत आणि प्रत्येकजण 60 टक्के वेळा पाने टाकतो असं धरलं, तरी तिघांनी एकदम टाकण्याची शक्यता जेमतेम 22 टक्के. ताठर मागणीच्या बाजारात ब्लफ विकला जात नाही, एवढं पुरे.

ब्लफ हा स्वभावाचा भाग मानला जायचा. तो गणितातून निघतो हे गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन याच्या कामातून पुढे आलं. 1928 मधल्या त्याच्या निबंधाने खेळांच्या सिद्धांताचा पाया घातला, आणि 1944 मध्ये ऑस्कर मॉर्गनस्टर्नबरोबर लिहिलेल्या ग्रंथात पोकरवर वेगळा विभाग आहे. 1950 मध्ये हॅरल्ड कून याने पोकर इतका आटवला की तो तीन पानांत मावला. राजा, राणी, गुलाम. दोन खेळाडू, प्रत्येकी एक बी मधे, प्रत्येकाला एक पान. बेट लावायची तर एकच बी, आणि एकदाच. वाढवणं नाही. बिया घेऊन बसायचं ते यासाठी. पाच मिनिटांत नियम येतात आणि तासभर भांडण चालतं.

कूनच्या उत्तरात पहिल्या खेळाडूने गुलामावर जितक्या वेळा खोटी बेट लावायची, त्याच्या बरोब्बर तिप्पट वेळा राजावर खरी लावायची. म्हणजे त्याच्या बेटांपैकी चारांत एक खोटी. पॉट दोन बियांचा, बेट एका बीची, म्हणजे अर्ध्या पॉटची. आणि अर्ध्या पॉटला समोरच्याला किती टक्के लागत होते? 25. हा योगायोग नाही. खोट्या बेटांचं प्रमाण त्या भावाशी जुळलं की समोरच्याला कॉल करून फायदा नाही आणि पाने टाकूनही नाही. बेट जितकी मोठी, तितके जास्त ब्लफ तिच्यात खपतात. आणखी एक मौज: दोघेही अचूक खेळले तर पहिला खेळाडू दर डावाला सरासरी एक अठरांश बी हरतो. आधी बोलावं लागण्याची ही किंमत.

बेटची रक्कम मोकळी सोडली की खेळ किती पसरतो, याचा अंदाज संगणकवाल्यांना आला. रक्कम ठरलेली असते त्या दोघांच्या लिमिट होल्डेममध्ये निर्णयाच्या जागा 1 वर 14 शून्ये एवढ्या आहेत. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या गटाने 2015 मध्ये तो जवळपास सोडवून टाकला. पाने तीच, नियम तेच, फक्त रक्कम मोकळी केली की ही संख्या 1 वर 160 शून्यांच्या पुढे जाते. म्हणून नोआम ब्राउन आणि तुओमास सँडहोम यांच्या ‘लिब्राटस’ या संगणक प्रोग्रामने मोजक्याच रकमा धरून तयारी केली. 2017 मध्ये पिट्सबर्गला चार व्यावसायिक खेळाडूंशी त्याचे 1,20,000 डाव झाले. समोरच्यांनी यादीत नसलेल्या रकमा लावून दिवसा ज्या फटी शोधल्या, त्या यंत्र रात्री हिशेब करून बुजवायचं. ते जिंकलं. पॉटच्या कितीतरी पट बेट लावायची त्याची खोड बघून माणसं चक्रावली होती.

आपल्याला एवढी यंत्रणा नको, एक पाढा पुरतो. अर्ध्या पॉटची बेट लागून कॉल झाली की पॉट दुप्पट होतो, पूर्ण पॉटची झाली की तिप्पट. फ्लॉपवर 1000 असतील तर तीन अर्ध्या बेटांनंतर 8000, तीन पूर्ण बेटांनंतर 27,000. पुढ्यात 13,000 असतील आणि हात भक्कम असेल, तर ते तिन्ही टप्प्यांत मधे पोचवायला दर वेळी पूर्ण पॉट लावावा लागतो. फ्लॉपवर लाजून 300 लावणाऱ्याला रिव्हरवर अचानक उडी मारावी लागते, आणि त्या उडीनेच सावध माणूस पळतो.

हे सगळं बरोबर केलं तरी एका रात्रीत काहीच सिद्ध होत नाही. भरलेल्या टेबलावर ताशी 30 च्या आसपास डाव होतात. शंभर डावांमागे 5 बिग ब्लाइंड (दोन ब्लाइंडपैकी मोठा; कमाई त्यातच मोजतात) कमावणारा चांगलाच खेळाडू, पण त्याच शंभर डावांत निकाल 90 ब्लाइंड इकडे-तिकडे होणं अगदी साधं.

रेक, म्हणजे कॅसिनोचा वाटा, मात्र प्रत्येक पॉटमधून ठरल्याप्रमाणे जातो. वरच्या डावात 500 ची बेट कॉल झाली, पॉट 2000 चा झाला. रेक 5 टक्के असेल आणि कमाल मर्यादा आड येत नसेल, तर जिंकणाऱ्याच्या वाट्यातून 100 रुपये जातात. त्या कॉलमधून तुम्ही सरासरी कमावले होते 109.