थ्रॉटल बॉडीचे माप आणि इंजेक्टरचे माप

जुन्या गाडीचा कार्ब्युरेटर काढून इलेक्ट्रॉनिक फ्युएल इंजेक्शन बसवणारे बहुतेक जण थ्रॉटल बॉडीच्या (इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेच्या) व्यासावर भरपूर काथ्याकूट करतात आणि इंजेक्टर (पेट्रोल फवारणाऱ्या विजेवरच्या झडपा) मात्र 'पुढेमागे पॉवर वाढवली तर उपयोगी पडतील' म्हणून सरळ मोठे मागवतात. काळजी नेमकी उलट जागी करायला हवी.

कार्ब्युरेटरचे काम ठाऊकच आहे. व्हेंच्युरीतून हवा वेगाने गेली की तिथला दाब घटतो आणि जेटमधून पेट्रोल ओढले जाते. घसा वाजवीपेक्षा रुंद असेल तर कमी आरपीएमला ही ओढ पुरत नाही आणि इंजिन अडखळते. थ्रॉटल बॉडी मात्र फक्त हवा आत सोडते. पेट्रोल किती द्यायचे हे मॅनिफोल्डमधला (थ्रॉटलपासून सिलिंडरपर्यंतच्या हवेच्या नळ्यांमधला) दाब, हवेचे तापमान आणि आरपीएम पाहून इसीयू (इंजिनाचा छोटा संगणक) ठरवतो. त्यामुळे बॉडी थोडी मोठी झाली तर पॅडलला पाय लावताच गाडी झेपावेल, पण मिश्रण बिघडणार नाही. (केवळ थ्रॉटलच्या कोनावरून हिशेब करणाऱ्या सिस्टिमला ही सवलत नाही.) 2 लिटरचे इंजिन 6000 आरपीएमला, सिलिंडर 85 टक्के भरतात असे धरल्यास, मिनिटाला सुमारे 5100 लिटर हवा घेते; तेवढी सहज जाऊ देणारी बॉडी पुरे.

इंजेक्टरचे गणित हवेवरून नव्हे, तर पॉवरवरून मांडावे. टर्बो नसलेल्या इंजिनाला पूर्ण थ्रॉटलवर दर हॉर्सपॉवरमागे तासाला सुमारे 0.23 किलो पेट्रोल लागते. 100 हॉर्सपॉवरच्या चार सिलिंडर इंजिनासाठी, ड्युटी सायकल (इंजेक्टर एकूण वेळेपैकी किती टक्के उघडा असतो ते) 80 टक्क्यांवर थांबवून, प्रत्येक इंजेक्टर मिनिटाला साधारण 160 घनसेंमी देणारा हवा. त्याऐवजी 440 चा बसवला, तर पूर्ण थ्रॉटलवर काहीच बिघडल्यासारखे वाटत नाही. फजिती आयडलिंगला होते. हे इंजिन 800 आरपीएमला तासाला 1 लिटर पेट्रोल पिते आणि प्रत्येक इंजेक्टर दर दोन फेऱ्यांना एकदा उघडतो असे धरू. उघडण्यात वाया जाणारा साधारण 1 मिलिसेकंद सोडला, तर 160 चा इंजेक्टर सुमारे 3.9 मिलिसेकंद पेट्रोल सोडतो, 440 चा जेमतेम 1.4. वेळेत 0.1 मिलिसेकंदाची चूक झाली तर पहिल्यात मिश्रण अडीच टक्क्यांनी हलते, दुसऱ्यात सात टक्क्यांनी. शिवाय पल्स फार लहान झाली की इंजेक्टर प्रत्येक वेळी सारखे पेट्रोल देतच नाही. 'इसीयू आपोआप शिकून घेईल' हे वाक्य आता ऐकवत नाही. दर फवाऱ्याला वेगळे वागणाऱ्या इंजेक्टरकडून तो शिकणार काय?

थ्रॉटल बॉडीतच इंजेक्टर असावेत की प्रत्येक पोर्टपाशी (सिलिंडरमध्ये हवा शिरते त्या तोंडाशी), या वादात माझे मत पोर्टच्या बाजूने आहे, पण मापाचे गणित दोन्हीकडे तेच. फक्त भागाकार इंजेक्टरांच्या संख्येने करायचा.

इंजेक्टरवरचा आकडा कोणत्या दाबाचा आहे, हे मात्र तपासावेच. प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो, म्हणून 3 बारला 160 देणारा इंजेक्टर 4 बारला सुमारे 185 देतो. कार्ब्युरेटरचा जुना मेकॅनिकल पंप अर्ध्या बारच्या आसपासच दाब देतो, तेव्हा नवा पंप अटळ आहे आणि टाकीकडे परतीची नळीही मी टाकतोच. डायनॅमो जुनाच ठेवणार असाल तर आयडलिंगला व्होल्टेज घसरते, इंजेक्टर उघडायला जास्त वेळ लागतो आणि मोठ्या इंजेक्टरची वर सांगितलेली चूक आणखी वाढते.