'सी-१' नोटीस आणि पागडीचा भाडेकरू : पार्श्वभूमी

मुंबईत पावसाळ्याच्या तोंडावर अतिधोकादायक, म्हणजे 'सी-१' वर्गातल्या, इमारतींची यादी निघते. यादीतल्या इमारतींत राहणाऱ्यांना नोटीस येते, आधी वीज-पाणी तोडण्याचा इशारा मिळतो आणि मग पोलीस बंदोबस्त येतो. त्यानंतर दोन-चार दिवस बातम्या येतात की 'रहिवासी घरे सोडायला तयार नाहीत'. ते का तयार नसतात, हे त्या बातम्यांत सहसा नसते. मालकीच्या फ्लॅटची इमारत पाडली तरी जमिनीतला वाटा शाबूत राहतो. पागडीच्या, म्हणजे मालकाला एकरकमी पैसे देऊन अल्प भाड्याने राहणाऱ्या, भाडेकरूकडे असते ती भाडेपावती, आणि ती बहुतेक वेळा आजोबांच्या नावाची. खोली गेल्यावर त्या पावतीला काय किंमत उरते, या एका प्रश्नाभोवती गेल्या पंचवीस वर्षांतले भाडेकरू-संरक्षण फिरते आहे.

आधीचा इतिहास थोडक्यात. पहिल्या महायुद्धात जागांची टंचाई झाली तेव्हा १९१८ साली मुंबईत पहिला भाडेनियंत्रण कायदा आला, पुढे त्याची मुदत संपली. दुसऱ्या महायुद्धाने पुन्हा तीच वेळ आणली आणि त्यातून १९४७ चा मुंबई भाडे कायदा झाला. १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते तेच प्रमाणभूत भाडे ठरले. कायदा तात्पुरता होता, पण त्याची मुदत पुन्हा पुन्हा वाढवली गेली. १९७३ च्या दुरुस्तीने आणखी एक मोठी गोष्ट केली : १ फेब्रुवारी १९७३ रोजी 'लीव्ह अँड लायसन्स'वर प्रत्यक्ष राहत असलेल्यांना भाडेकरूचा दर्जा दिला. घरमालकांचा या कायद्यांवरचा राग जुनाच आहे. भाडे गोठले, मग दुरुस्ती कशातून करायची, हा त्यांचा प्रश्न खोटा नव्हता. पण कित्येक मालक पागडी घेऊन मोकळे झाले होते आणि खोली हस्तांतर होताना त्यातला हिस्साही घेत होते, हे सांगताना मात्र गाळले जाते.

इमारती ढासळू लागल्या तेव्हा सरकारने दुरुस्तीचे काम स्वतःकडे घेतले. १९६९ पासून शहर भागातल्या जुन्या इमारतींवर दुरुस्ती उपकर बसला आणि त्यासाठी स्वतंत्र मंडळ नेमले गेले. तेव्हा उपकरप्राप्त इमारती १९,६४२ होत्या. त्यांपैकी १६,५०२ या १ सप्टेंबर १९४० च्या आधी बांधलेल्या. म्हणजे ज्या तारखेला भाडे गोठले, त्याच तारखेने इमारतींचीही प्रतवारी झाली. उपकर भाड्याबरोबर वसूल होतो, त्यामुळे 'फुकट राहतात' हा आरोप अर्धवट आहे. उपनगरे या योजनेत कधीच आली नाहीत.

१९९७ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की गोठवलेले भाडे आता अवाजवी झाले आहे. जुना कायदा ३१ मार्च १९९८ ला संपतच होता, म्हणून तरतुदी रद्द केल्या नाहीत. नव्या कायद्याने वेळ लावला. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा, अंमल ३१ मार्च २००० पासून. वर्षाला ४ टक्के भाडेवाढ, पागडीला प्रथमच कायदेशीर मान्यता आणि मोठ्या कंपन्या व बँकांना दिलेल्या जागा संरक्षणाबाहेर, हे त्यातले मुख्य बदल. पण घर रिकामे करून घेण्याची जी कारणे कलम १६ मध्ये दिली आहेत, त्यांत एक असे आहे : महापालिकेच्या किंवा अन्य सक्षम प्राधिकरणाच्या आदेशावरून इमारत तातडीने पाडायची असणे. भाडे थकवले नाही, पोटभाडेकरू ठेवला नाही, काही मोडतोड केली नाही, तरी या दाराने भाडेकरू बाहेर जाऊ शकतो. खरा झगडा इथे आहे.

महापालिका अधिनियमाच्या कलम ३५४ खाली धोकादायक बांधकाम पाडायचा आदेश देता येतो. हेतू सरळ आहे, माणसे ढिगाऱ्याखाली जाऊ नयेत. भेंडीबाजारात ऑगस्ट २०१७ मध्ये एक इमारत कोसळून ३३ जण गेले, तेव्हा आणखी नोटिसा का काढल्या नाहीत असेच सगळे विचारत होते. पण त्याच कलमाचा दुसरा वापर चाळीचाळीतल्या लोकांना ठाऊक आहे. मालक आपल्या पसंतीच्या अभियंत्याकडून स्ट्रक्चरल ऑडिट करून घेतो, अहवालात इमारत राहण्यालायक नाही असे येते आणि नोटीस निघते. भाडेकरूंनी वर्गणी काढून दुसरे ऑडिट केले तर त्यात दुरुस्ती शक्य असल्याचे निघते. कोणाचे खरे मानायचे?

२०१४ च्या जूनमध्ये उच्च न्यायालयाने यासाठी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. इमारतींचे वर्ग ठरले : सी-१ म्हणजे तातडीने रिकामी करून पाडायची, सी-२अ म्हणजे रिकामी करून दुरुस्त करायची, सी-२ब म्हणजे माणसे राहत असतानाच दुरुस्ती, सी-३ म्हणजे किरकोळ कामे. दोन अहवाल परस्परविरोधी असतील तर तांत्रिक सल्लागार समितीकडे जायचे. मला मात्र त्यातला कमी चर्चेत आलेला भाग जास्त मोलाचा वाटतो. पाडण्याआधी महापालिकेने प्रत्येक रहिवाशाचे नाव आणि त्याच्या ताब्यातल्या जागेचे क्षेत्रफळ नोंदवायचे. पाडण्याने मालक-भाडेकरूंचे परस्परांतले हक्क संपत नाहीत हेही स्पष्ट केले. शिवाय नव्या इमारतीच्या परवानगीत अट आली की, भाडेकरूंना कायमची पर्यायी जागा देण्याचा करार किंवा तडजोड झाल्याशिवाय बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र द्यायचे नाही.

ही नोंद म्हणजे प्रत्यक्षात वॉर्ड ऑफिसचा माणूस टेप घेऊन खोलीत येतो. पोटमाळा धरायचा की नाही, सामाईक गॅलरीत पार्टिशन टाकून काढलेली मोरी कोणाची, पावती मयत वडिलांच्या नावाची आणि भाऊ दोन, तर नाव कोणाचे लिहायचे, हे वाद दारातच सुरू होतात. पण पुढे पुनर्विकासात किती चौरस फूट मिळणार हे ठरवताना हाच कागद बाहेर निघतो. भाडेकरूने त्याची प्रत घेतल्याशिवाय किल्ली देऊ नये.

२०१४ मध्येच सर्वोच्च न्यायालयाचाही निकाल आला. त्याआधीच्या एका निकालाचा अर्थ असा लावला जात होता की इमारत नष्ट झाली की भाडेकरूपणही संपते. तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो फिरवला : भाडेपट्टा केवळ भिंतींचा नसतो, खालच्या जमिनीवरचा हक्कही त्यात येतो आणि महापालिकेने इमारत पाडली म्हणून तो जात नाही. भाडेकरूंच्या बाजूचा इतका ठाम निकाल त्याआधी क्वचितच मिळाला होता.

तरी एक भोक राहिलेच. मालकाने नव्या बांधकामाची परवानगीच मागितली नाही तर? अट लागू व्हायला अर्ज तर हवा. प्लॉट रिकामा पडून राहतो आणि भाडेकरू संक्रमण शिबिरात किंवा विरार-बदलापूरला स्वतःच्या खर्चाने जाऊन राहतात. म्हातारी माणसे तिकडेच जातात आणि दावा नातवंडांवर येतो.

ते भोक बुजवायला म्हाडा (राज्याचे गृहनिर्माण प्राधिकरण) कायद्यात उपकरप्राप्त इमारतींसाठी कलम ७९-अ घातले गेले. राष्ट्रपतींची संमती २०२२ मध्ये मिळाली. इमारत धोकादायक ठरली की मालकाला सहा महिने, ५१ टक्के भाडेकरूंच्या संमतीसह प्रस्ताव द्यायला. त्याने दिला नाही तर भाडेकरूंच्या नियोजित संस्थेला सहा महिने. तिनेही दिला नाही तर दुरुस्ती मंडळाने जमीन संपादित करून स्वतः पुनर्विकास करायचा. मालकाला मोबदला मिळतोच. भाडेकरूंना स्वतःच्या घराचा प्रस्ताव स्वतः मांडायची इतकी स्पष्ट संधी क्वचितच मिळाली असेल, आणि म्हणूनच पुढे जे झाले ते जास्त लागते. मंडळाच्या अभियंत्यांनी धडाधड नोटिसा काढल्या. इमारत धोकादायक ठरवण्याची रीतसर प्रक्रिया आधी व्हायला हवी होती, ती झाली नाही, असा आक्षेप घेत मालक न्यायालयात गेले. जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने कडक ताशेरे ओढले आणि ९३५ नोटिसा तपासण्यासाठी समिती नेमली. चांगल्या तरतुदीचे नुकसान कायद्याच्या विरोधकांपेक्षा घाईने केलेल्या अंमलबजावणीने जास्त केले, असे माझे मत आहे. तपासणीत ज्या नोटिसा टिकणार नाहीत, त्या इमारतींतल्या लोकांना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल, आणि इमारत तोवर तशीच.

उपनगरांत तर हेही नाही. पार्ले, कुर्ला, वांद्रे इथल्या पागडीच्या इमारतींना उपकर नाही, म्हणून ७९-अ नाही. विकास नियमावलीत ३३(७)(अ) खाली भाडेकरूव्याप्त इमारतींसाठी जादा चटई क्षेत्र (जास्त बांधकामाची मुभा) आहे, पण मालक हललाच नाही तर ७९-अ सारखी मुदत तिथे नाही. तिथल्या भाडेकरूच्या हातात आजही २०१४ ची तत्त्वे आणि वॉर्ड ऑफिसची ती क्षेत्रफळाची यादी, एवढेच आहे.