लहान ट्रेलरच जास्त द्वाड का?

परवा सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक व्हिडिओ आला. परदेशातली मोठी पिकअप गाडी, मागे बोटीचा ट्रेलर. चालकाचे हात स्टिअरिंगवर नाहीतच. तो डॅशबोर्डवरचा एक छोटा नॉब फिरवतोय आणि ट्रेलर शहाण्या बाळासारखा उतारावरून पाण्याकडे मागे मागे चाललाय. खाली मजकूर : 'एआयची कमाल! आता ड्रायव्हर घरी बसणार!'

मी राहतो नवी मुंबईतल्या कळंबोलीत. लोखंड बाजाराकडे वळणारे आणि न्हावा-शेवा बंदरातून कंटेनर घेऊन येणारे ट्रेलर इथे दिवसभर दिसतात. एखादा उस्ताद चाळीस फुटी कंटेनर दोन गाड्यांच्या मधल्या फटीत मागे घेतो, तेव्हा मी पिशवी खाली ठेवून बघत उभा राहतो. त्यामुळे तो मजकूर वाचून स्वस्थ बसवेना.

आधी हवा काढून टाकतो. व्हिडिओतली सोय तशी जुनी आहे. फोर्डने ती २०१६च्या मॉडेलच्या एफ-१५० पिकअपमध्ये आणली. फोक्सवॅगनच्या पासाटमध्येही अशी सोय आली. तिथे वेगळा नॉबसुद्धा नाही, आरसे हलवायच्या बटणालाच ते काम दिलं. दोन्हीकडे ॲक्सिलरेटर आणि ब्रेक चालकाच्याच पायाखाली असतात. यंत्र फिरवतं फक्त स्टिअरिंग.

पण ते तरी का फिरवावं लागतं? कार मागे घेता येणाऱ्या माणसाला ट्रेलर का जमत नाही?

ट्रेलरचं शेपूट डावीकडे न्यायचं असेल तर स्टिअरिंग उजवीकडे फिरवावं लागतं. मागे जाताना घोड्याची (पुढच्या इंजिनवाल्या गाडीला आपल्याकडे घोडा म्हणतात) मागची बाजू उजवीकडे सरकते, जोडाचा किंगपिन (ट्रेलरचा घोड्यात अडकणारा खिळा) उजवीकडे ढकलला जातो आणि ट्रेलर आपल्या चाकांभोवती फिरून शेपूट डावीकडे टाकतो. ही झाली उलटी दिशा. ती सवयीने येते. जुने ड्रायव्हर शिकाऱ्याला सांगतात की स्टिअरिंग खालून धर, मग हात जिकडे जाईल तिकडेच ट्रेलर जाईल. काम झालं.

खरी मेख पुढे आहे, आणि माझा जीव तिच्यावरच जडलाय.

घोडा आणि ट्रेलर यांच्यात छोटासा कोन पडलाय असं समजा. स्टिअरिंग सरळ ठेवून गाडी पुढे नेली, तर ट्रेलर मागून ओढला जातो आणि तो कोन आपोआप मिटतो. तसंच सरळ ठेवून मागे नेली तर कोन वाढतो. वाढलेला कोन आणखी वेगाने वाढतो. चक्रवाढ व्याजच! शेवटी खिशातला चाकू मिटावा तसा ट्रेलर घोड्यावर मिटतो. तळहातावर काठी उभी धरण्यासारखंच हे आहे : काठी कितीही सरळ ठेवली तरी ती पडायला टपलेलीच असते आणि हात सतत तिच्याखाली न्यावा लागतो.

हिशोब असा. मागे जाताना दर मीटरला कोन किती वाढेल? ट्रेलरच्या कोनाची साइन भागिले ट्रेलरची लांबी, त्यातून वजा पुढच्या चाकांच्या कोनाची टॅन भागिले घोड्याच्या पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर. (ट्रेलरची लांबी म्हणजे जोडापासून त्याच्या चाकांपर्यंतची. जोड घोड्याच्या मागच्या चाकांवरच आहे असं धरलंय. पिकअपचा हुक थोडा मागे असतो, म्हणून तिथले आकडे जरा बदलतात.) पहिलं पद बिघडवणारं, दुसरं सावरणारं. स्टिअरिंग सरळ म्हणजे दुसरं पद शून्य, आणि मग लहान कोन दर ०.६९ गुणिले ट्रेलरची लांबी एवढ्या अंतरात दुप्पट होतो. बोटीचा ट्रेलर तीन मीटरचा असेल तर सुमारे दोन मीटरमध्ये दुप्पट. कंटेनरच्या ट्रेलरचं हे अंतर आठ मीटर धरलं तर दुपटीला साडेपाच मीटर लागतात.

म्हणजे लांब ट्रेलर सावकाश बिघडतो, आखूड पटकन! गव्हाण फाट्याजवळच्या टपरीवर बीडकडच्या एका ड्रायव्हरकाकांना मी मोठ्या उत्साहाने हा शोध सांगितला. ते चहा फुंकत म्हणाले, "सर, आमच्या गावाकडं ट्रॅक्टरची दोन चाकी ट्रॉली मागं घेऊन बघा एकदा. ह्यो लांबडा लई गुणाचा." माझा अर्धा तास आणि दोन कागद त्यांनी दोन वाक्यांत गुंडाळले. उसाच्या दोन ट्रॉल्या एकामागे एक लावल्या की तर बोलायलाच नको; तिथे काठीवर काठी उभी करायची असते.

गणितात आणखी एक गोष्ट दडलीय. वाढ अंतरावर अवलंबून आहे, वेळेवर नाही. चालण्याच्या वेगाने, सेकंदाला एक मीटर मागे गेलात, तर त्या बोटीचा कोन दोन सेकंदांत दुप्पट. वेग अर्धा केलात तर चार सेकंद मिळतात. काठी पडताना असा वेळ मागून मिळत नाही.

आणि लक्ष्मणरेषाही आहे. सावरणाऱ्या पदाला मर्यादा असते, कारण चाकं एका हद्दीपलीकडे वळत नाहीत. पिकअपच्या चाकांमधलं अंतर ३.७ मीटर, चाकं जास्तीत जास्त ३० अंश वळणारी, ट्रेलर तीन मीटरचा असं धरलं तर कोन सुमारे २८ अंशांच्या पुढे गेल्यावर स्टिअरिंग पूर्ण कापूनही मागे जाता जाता तो कमी करता येत नाही.

आता नॉब. फोर्डच्या त्या पद्धतीत ट्रेलरच्या दांड्यावर काळ्या-पांढऱ्या नक्षीचा एक स्टिकर लावतात. मागचा कॅमेरा स्टिकरकडे बघून कोन मोजतो, पुन्हा पुन्हा. ट्रेलरची काही मापं टेपने मोजून आधी भरून ठेवलेली असतात. नॉब म्हणजे फक्त मागणी : 'ट्रेलर इतका उजवीकडे वळव.' संगणक त्यासाठी लागणारा कोन काढतो, प्रत्यक्ष कोनाशी ताडतो आणि फरकाइतकं स्टिअरिंग विजेच्या मोटरने फिरवतो. याला प्रतिभरण (फीडबॅक) म्हणतात. आपल्या पाण्याच्या टाकीतला बॉलकॉक हेच करतो. त्याला कोणी एआय म्हणत नाही.

खरोखरीचा एआय या प्रश्नाला भिडला तो १९८९मध्ये, आपलं न्हावा-शेवा बंदर सुरू झालं त्याच वर्षी. अमेरिकेत डेरिक न्यूएन आणि बर्नार्ड विड्रो यांनी न्यूरल नेटवर्कला (स्वतःच्या चुकांतून शिकणाऱ्या प्रोग्रॅमला) संगणकावरचा खोटा ट्रेलर-ट्रक मागे घेऊन माल उतरवायच्या धक्क्याला लावायला शिकवलं. आधी धक्क्याजवळून, मग हळूहळू लांबून. शिकाऊ क्लीनरलाही आपण तसंच शिकवतो.

आपल्या रस्त्यावर ही सोय का दिसत नाही? बहुतेक अवजड घोड्यांचं स्टिअरिंग हायड्रॉलिक, म्हणजे हुकूम ऐकणारी मोटर वेगळी बसवावी लागेल. ट्रेलरला तीन ॲक्सल असले तर वळताना टायर घासटत सरकतात आणि 'लांबी' नेमकी कुठून मोजायची हाच प्रश्न पडतो. शिवाय कॅमेरा कोन बघेल, पण शेपूट डावीकडे वळताना उजवीकडे बसलेल्या ड्रायव्हरला न दिसणारी बाजू कोण बघणार? तिथे अजून क्लीनरच उभा असतो, पत्र्यावर थाप मारत, "येऊ दे, येऊ दे, येऊ दे... बस्स!"

त्या काकांच्या ट्रेलरला मागे लिंबू-मिरची आणि काळी बाहुली दोन्ही होती. मी विचारलं, ट्रेलर मिटायला लागला तर यांचा काही उपयोग? "ते मालकाचं," म्हणाले. लिंबाला कोन मोजता येत नाही, हे त्यांना माझ्याआधीच माहीत होतं.

"मग तुम्ही काय करता?"

"थांबतो. पुढं घेतो, सरळ करतो, परत येतो."

कोन हाताबाहेर गेला की फोर्डची यंत्रणाही चालकाला हेच सांगते : थांबा आणि गाडी पुढे घ्या.