पुरवठा साखळी : शाश्वतता व लवचीकता

कच्च्या मालापासून ग्राहकापर्यंत वस्तू, पैसा आणि माहिती ज्या उद्योगांच्या मालिकेतून जाते, तिला पुरवठा साखळी म्हणतात. निसर्गाचे व माणसांचे नुकसान न करता ही मालिका दीर्घकाळ चालावी, ही शाश्वततेची अपेक्षा. आग, पूर, युद्ध, साथ असा अवचित घाव बसला तरी तिने तग धरावा व पुन्हा उभे राहावे, ही लवचीकतेची. व्यवस्थापनशास्त्रात दोन्हींचा अभ्यास मुख्यतः गेल्या पंचवीस-तीस वर्षांतला आहे, पण तो बराच काळ दोन वेगळ्या घरांत वाढला. दोन्हींचा एकत्रित विचार साधारणतः 2010 नंतर सुरू झालेला दिसतो.

संज्ञा व पूर्वपीठिका : ‘सप्लाय चेन’ हा शब्दप्रयोग नेमका केव्हाचा, याबद्दल एकमत नाही. ब्रिटिशांच्या तिबेट मोहिमेसंबंधी 1905 मध्ये छापलेल्या एका इंग्रजी लेखात हिंदुस्थानाशी असलेली पुरवठ्याची साखळी अखंड राखणे अवघड असल्याचा उल्लेख सापडतो, असे सांगितले जाते. तो खरा मानला तरी तेथे अभिप्रेत आहे ती सैन्याची रसद. रसदीचा विचार अर्थात जुनाच. ‘रसद तोडणे’ हा वाक्प्रचार मराठीत लष्करी अनुभवातूनच आला. 1760 च्या अखेरीस मराठ्यांना रसद पोहोचवणारे गोविंदपंत बुंदेले मारले गेल्यावर पानिपतच्या छावणीची उपासमार कशी वाढली, हे बखरींच्या वाचकांना ठाऊक आहे. परंतु रसद एकाच धन्याच्या हुकमाखाली चालते, तर पुरवठा साखळीत अनेक स्वतंत्र धनी असतात. हा फरक लक्षात घेता 1905 च्या उल्लेखाला उगमाचा मान देणे सयुक्तिक वाटत नाही. ‘पुरवठा साखळी व्यवस्थापन’ ही संज्ञा व्यवस्थापन सल्लागार कीथ ऑलिव्हर यांनी 1982 मध्ये एका ब्रिटिश वृत्तपत्राला दिलेल्या मुलाखतीत वापरली. बहुतेक अभ्यासक हाच आरंभ धरतात.

संज्ञा नंतरची असली, तरी विश्लेषण आधीचे आहे. मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील जे. डब्ल्यू. फॉरेस्टर यांनी 1958 मध्ये दाखवून दिले, की किरकोळ विक्रीत झालेला लहानसा चढउतार घाऊक विक्रेता, वितरक, कारखाना असा मागे सरकत जाताना मोठा होत जातो. पुढे याला ‘चाबूक परिणाम’ हे नाव मिळाले. एच. एल. ली, व्ही. पद्मनाभन व एस. व्हँग यांनी 1997 मध्ये त्याची चार कारणे मांडली : मागणीचा अंदाज पुनःपुन्हा बदलणे, मागण्या साठवून एकदम नोंदवणे, किमतीतील चढउतार आणि टंचाईच्या धास्तीने गरजेपेक्षा जास्त मागणी नोंदवणे. चौथे कारण कोणत्याही खत दुकानदाराला पेरणीच्या तोंडावर समजावून सांगावे लागत नाही. हा परिणाम सर्वत्र आढळतो असे मात्र नाही. जी. पी. कॅशॉन व सहकाऱ्यांनी 2007 मध्ये अमेरिकी उद्योगांची आकडेवारी तपासली, तेव्हा किरकोळ विक्रीच्या पातळीवर तो सर्वसाधारणपणे दिसला नाही.

‘लवचीकता’ या शब्दाचा प्रश्न : इंग्रजीतील ‘रेझिलियन्स’साठी मराठीत ‘लवचीकता’ रूढ झाले आहे, पण ते अपुरे आहे. ‘फ्लेक्झिबिलिटी’लाही आपण लवचीकताच म्हणतो, आणि साखळीच्या अभ्यासात या दोन गोष्टी भिन्न आहेत. एकाच यंत्रावर दोन प्रकारचे सुटे भाग करता येणे ही ‘फ्लेक्झिबिलिटी’. ते यंत्र जळाल्यावर धंदा चालू राहणे ही ‘रेझिलियन्स’. ‘स्थितिस्थापकता’ हा शब्द भौतिकीने आधीच घेतलेला आहे. या नोंदीत रूढीला मान देऊन ‘लवचीकता’ ‘रेझिलियन्स’च्या अर्थाने वापरली आहे. ‘फ्लेक्झिबिलिटी’ला ‘बदलक्षमता’ म्हटले आहे.

शब्दाच्या मागे असलेला वाद केवळ भाषिक नाही. ‘रेझिलियन्स’च्या मूळ लॅटिन क्रियापदाचा अर्थ ‘मागे उसळणे’. अभियांत्रिकीत तो 1818 च्या सुमारास टॉमस ट्रेडगोल्ड यांच्या लाकडाच्या बळाविषयीच्या लेखनात आढळतो. तुळई भाराने वाकते आणि भार काढताच सरळ होते, हे या लवचीकतेचे रूप. कॅनडाचे परिसंस्थाशास्त्रज्ञ सी. एस. हॉलिंग यांनी 1973 मध्ये त्याला निराळा अर्थ दिला. पूर्व कॅनडातील सूचिपर्णी जंगलांवर काही दशकांच्या अंतराने एका अळीची धाड येते, झाडे मोठ्या प्रमाणावर मरतात, आणि तरीही जंगल टिकते. किंबहुना अशा धाडींतूनच त्यातील वृक्षजातींचा तोल राखला जातो. असे जंगल स्थिर नाही, पण चिवट आहे. 1996 मध्ये हॉलिंग यांनी हा भेद ‘अभियांत्रिकी’ व ‘परिसंस्थीय’ अशा दोन नावांनी पक्का केला. पहिल्यात मोजायचे ते पूर्वपदावर येण्याचा वेग. दुसऱ्यात, व्यवस्था पार वेगळे रूप घेण्याआधी किती धक्का सोसते ते.

पुरवठा साखळीच्या अभ्यासकांनी यांतले काय उचलले? मार्टिन क्रिस्टोफर व हेलन पेक यांची 2004 मधील व्याख्या आजही सर्वाधिक उद्धृत होणाऱ्यांपैकी आहे. विस्कळीत झाल्यावर मूळ स्थितीत परतण्याची किंवा नव्या, अधिक इष्ट स्थितीत जाण्याची व्यवस्थेची क्षमता, असा तिचा आशय. या ‘किंवा’मध्ये दोन्ही मते सामावली आहेत, आणि व्याख्या टिकण्याचे एक कारण बहुधा तेच. या व्याख्येला ब्रिटनमधील क्रॅनफील्ड विद्यापीठातील संशोधनाची पार्श्वभूमी होती. ते संशोधन सप्टेंबर 2000 मधील इंधन आंदोलन व 2001 मधील लाळ्या-खुरकुताची साथ यांनंतर शासनाच्या सांगण्यावरून झाले. सुमारे त्याच काळात अमेरिकेत योसी शेफी व जेम्स राइस 11 सप्टेंबर 2001 च्या हल्ल्यानंतर सीमा बंद झाल्याने अडकलेल्या मालाचा विचार करत होते. अग्रक्रम कोणाला द्यावा यावर लिहिले गेले आहे. दोन्ही प्रवाह समांतर मानणे अधिक सुरक्षित. आंद्रेआस वीलंड व ख्रिस्टियान डूराख यांनी 2021 मध्ये पुन्हा हॉलिंगकडे बोट दाखवले. साखळी म्हणजे पुन्हा जोडता येणारे यंत्र नव्हे, तर माणसे व निसर्ग यांत गुंतलेली बदलती व्यवस्था आहे, असे त्यांचे म्हणणे. शाश्वततेशी सांधा जोडायचा तर हीच बाजू उपयोगी पडते, कारण तुळईच्या कल्पनेत पूर्वीची स्थितीच चुकीची असू शकते या शक्यतेला जागा नाही.

दोन आगी : या विषयातील पाठ्यपुस्तके दोन घटनांकडे वारंवार वळतात. 1 फेब्रुवारी 1997 रोजी पहाटे जपानमधील कारिया येथील आइसिन सेइकीचा कारखाना जळाला. टोयोटाच्या गाड्यांना लागणाऱ्या ‘पी-व्हॉल्व्ह’पैकी सुमारे 99 टक्के तेथेच बनत. हा छोटा भाग मागच्या ब्रेकवरील तेलाचा दाब आवरून धरतो, म्हणजे गाडी घसरत नाही. साठा फार तर दोन-तीन दिवसांचा होता, कारण साठा न ठेवणे हाच टोयोटा पद्धतीचा गाभा. काही दिवसांत बहुतेक जुळणी बंद पडली. मग पुरवठादार, त्यांचे पुरवठादार आणि बाहेरचे असे दोनशेच्या आसपास उद्योग आराखडे मागवून भाग बनवू लागले. त्यांत कधीही मोटारीचा भाग न केलेली, शिवणयंत्रे बनवणारी एक कंपनीही होती. सुमारे आठवड्याभरात उत्पादन बहुतांशी पूर्ववत झाले. तोशिहिरो निशिगुची व अलेक्झांडर बोडे यांनी 1998 मध्ये या घटनेचा अभ्यास मांडला. मोबदला किती, हे आधी न ठरवता लोक कामाला लागले, ही त्यातील लक्षणीय बाब. लवचीकता येथे गोदामात नव्हती, दीर्घ संबंधांत होती.

17 मार्च 2000 रोजी अमेरिकेतील अल्बुकर्की येथे वीज पडून फिलिप्सच्या चिप कारखान्यात लहानशी आग लागली. ती काही मिनिटांत विझली, पण धूर व पाण्याने निर्जंतुक, धूळमुक्त दालने खराब झाली. नोकिया व एरिक्सन हे दोघेही तेथील मोठे ग्राहक. नोकियाने लगोलग माणसे पाठवली, इतर कारखान्यांतील क्षमता अडवून ठेवली, काही चिपचे आराखडे बदलले. एरिक्सनकडे एका महत्त्वाच्या चिपसाठी दुसरा पुरवठादारच नव्हता, आणि बातमी वरपर्यंत पोहोचायला आठवडे लागले. तोटा सुमारे 40 कोटी डॉलर सांगितला जातो. पुढील वर्षी एरिक्सनने मोबाइल संचाचा धंदा सोनीबरोबरच्या भागीदारीत नेला. त्याचे सारे खापर या आगीवर फोडणे मात्र अतिशयोक्त ठरेल, त्या विभागाची प्रकृती आधीच नाजूक होती.

मोजमाप : लवचीकता मोजण्याच्या प्रयत्नांत डेव्हिड सिमची-लेव्ही व सहकाऱ्यांनी फोर्ड कंपनीसाठी केलेले काम (2014) व्यवहाराला सर्वांत जवळचे आहे. धोका किती संभवतो याचा अंदाज बांधत बसण्यापेक्षा दोन काळ विचारावेत : एखादा दुवा बंद पडला तर तो सावरायला किती दिवस, आणि त्याच्याविना बाकीची साखळी किती दिवस मागणी पुरवील. पहिला काळ दुसऱ्यापेक्षा मोठा निघाला, तर तो दुवा धोक्याचा. सर्वाधिक नुकसान करू शकणारे दुवे बऱ्याचदा महागड्या भागांचे नसून स्वस्त, दुर्लक्षित भागांचे असतात, असे त्यातून दिसले. आपत्तीचा धक्का थेट पुरवठादारांपुरता थांबत नाही, हे वास्को कार्व्हालो व सहकाऱ्यांनी 11 मार्च 2011 च्या जपानी भूकंपावरून 2021 मध्ये दाखवले. कोविडनंतर द्मित्री इव्हानोव्ह व अलेक्सांद्र दोल्गी यांनी लवचीकतेच्या पुढची ‘जीवनक्षमता’, म्हणजे बदलत्या परिस्थितीत दीर्घकाळ टिकून राहण्याची क्षमता, ही संकल्पना मांडली. ती स्वतंत्र मानावी का, याबद्दल शंका आहे.

शाश्वतता : येथे आधार पर्यावरण व विकासावरील संयुक्त राष्ट्रांच्या ब्रुंटलँड आयोगाच्या 1987 मधील अहवालाचा व जॉन एल्किंग्टन यांच्या 1994 मधील ‘तिहेरी ताळेबंदा’चा : नफा, पर्यावरण व समाज. भारतीय अभ्यासकांत समीर श्रीवास्तव यांचा हरित साखळीवरील 2007 मधील आढावा बराच वाचला गेला. श्टेफान झॉयरिंग व मार्टिन म्युलर यांनी 2008 मध्ये 191 शोधनिबंध तपासले, तेव्हा पर्यावरणावर पुष्कळ आणि सामाजिक बाजूवर अगदी थोडे लिहिलेले आढळले. मार्क पगेल व अँटन शेवचेन्को यांनी 2014 मध्ये अधिक कठोर प्रश्न विचारला : ही शाखा ‘कमी हानिकारक’ साखळ्यांचा अभ्यास करते, खऱ्या शाश्वत साखळ्यांचा नाही. तो प्रश्न अद्याप उभा आहे. 24 एप्रिल 2013 रोजी बांगलादेशातील सावर येथे राणा प्लाझा ही इमारत कोसळून 1,100 हून अधिक माणसे मेली. तीतील काही कारखान्यांची सामाजिक तपासणी, म्हणजे कामगारांच्या परिस्थितीची पाहणी, आधी झालेली होती. त्यानंतर फ्रान्स (2017), जर्मनी (2023 पासून लागू) व युरोपीय संघ (2024) यांनी मोठ्या कंपन्यांवर साखळीभर माणसांचे व निसर्गाचे नुकसान टाळण्यासाठी दक्षतेची जबाबदारी टाकली. संघाच्या नियमाची अंमलबजावणी नंतर लांबवण्यात आली. भारतात सेबीने आघाडीच्या 1,000 सूचिबद्ध कंपन्यांना 2022-23 पासून शाश्वतता अहवाल बंधनकारक केला. त्यातील मूल्यसाखळीविषयीचा, म्हणजे कंपनीच्या पुरवठादार व ग्राहकांविषयीचा, भाग मात्र ऐच्छिक राहिला आहे.

दोहोंचा मेळ : लवचीकतेला राखीव साठा, दुसरा पुरवठादार, मोकळी क्षमता लागते. शाश्वततेच्या हिशेबात यांतले बरेचसे उधळपट्टीत जमा होते. हेलेना कार्व्हालो व सहकाऱ्यांनी 2011 मध्ये हा ताण नेमका मांडला. उलट, बेहनाम फाहिमनिया व अर्मिन जब्बारजादे यांनी 2016 मध्ये गणिती प्रतिमानातून योग्य रचनेत दोन्ही साधतात असे दाखवले. निष्कर्ष बहुधा काय मोजले यावर ठरतो. हवामानबदल हाच धक्का मानला, तर विरोध पुष्कळसा विरघळतो. भारतीय निबंधांत तज्ज्ञांना विचारून ‘अडथळे’ व ‘प्रेरक घटक’ यांच्या क्रमवार याद्या करण्याची पद्धत फार चालते. याद्या सुबक असतात, पण प्रत्यक्ष साखळी त्यांत क्वचितच दिसते.

महाराष्ट्रातील दोन साखळ्या : निर्यातीच्या द्राक्षांची साखळी चांगली नोंदलेली आहे. 1991 मध्ये स्थापन झालेल्या महाग्रेप्स या द्राक्ष बागायतदारांच्या सहकारी संस्थांच्या संघावर देवेश रॉय व अमित थोरात यांचा अभ्यास (2008) आहे. अपेडा या कृषी निर्यातविषयक सरकारी संस्थेच्या ग्रेपनेट व्यवस्थेत प्रत्येक बागेची नोंद होते आणि पेटीवरून प्लॉटपर्यंत माग काढता येतो. तरीही 2010 च्या हंगामात युरोपात द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइडचा अंश सापडला आणि माल अडकला. बागायतदार याला सीसीसी म्हणतात; एप्रिलच्या खरड छाटणीनंतर वेलीची वाढ रोखून घडनिर्मिती साधण्यासाठी ते फवारत. तपासायच्या रसायनांच्या यादीत ते नव्हते. माग काढण्याची सोय चोख, पण काय शोधायचे तेच ठरलेले नव्हते. त्यानंतर यादी वाढवण्यात आली. येथे शाश्वततेची चूक थेट लवचीकतेची कसोटी झाली, हे विशेष.

उसाच्या साखळीबाबत साहित्य तुटपुंजे आहे. साखर कारखान्यापासून पुढचा प्रवास कागदोपत्री सापडतो. कारखान्याच्या मागे मुकादम, त्याने दिलेली उचल आणि ‘कोयता’ म्हणून एकत्र मोजले जाणारे नवरा-बायको येतात, आणि तेथे नोंदी थांबतात. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न 2019 मध्ये विधिमंडळात आल्यावर नेमलेल्या समितीच्या पाहणीत सुमारे 82 हजार स्त्रियांपैकी 13 हजारांहून अधिक जणींची ही शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. खाडा झाला की मुकादम दंड कापतो, आणि पाळीचे दिवस खाड्याचे ठरतात, हे त्यामागील एक कारण सांगितले गेले. ही पाहणी आरोग्याच्या अंगाने झाली. साखर विकत घेणाऱ्या उद्योगापासून फडापर्यंत एक सलग साखळी म्हणून तिच्याकडे पाहणारे लेखन अगदी थोडे आहे.