साथीच्या आरंभीची जोखीम-जाणीव : मराठवाडा, २०२०

साथ नवी असते तेव्हा तिच्याविषयी खात्रीने सांगता येईल असे फार थोडे असते. निर्णय मात्र त्याच दिवशी घ्यावे लागतात. दारात आलेल्या पाहुण्याला घरात घ्यायचे का, आठवडी बाजाराला जायचे का, पुण्यातल्या पोराला बोलावून घ्यायचे की तिथेच थांब म्हणायचे? हे ठरवताना माणूस मनाशी धोक्याचा जो अंदाज बांधतो, त्याला जोखीम-जाणीव म्हणतात. हा अंदाज आकडेमोडीतून क्वचितच येतो. आठवण, ऐकीव गोष्टी आणि शेजारी काय करतो आहे यावरून तो बनत जातो. प्रस्तुत नोंदीत कोविड-१९च्या साथीच्या पहिल्या महिन्यांतला, मुख्यतः मार्च ते मे २०२० मधला, मराठवाड्याचा अनुभव दिला आहे. औरंगाबाद आणि उस्मानाबाद ही जिल्ह्यांची तेव्हाची नावे तशीच ठेवली आहेत. २०२३पासून ते छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव झाले.

मराठवाड्यापुरते बोलायचे तर या काळातली भीती रोगापेक्षा रस्त्याची होती. रोग कोणत्या वाटेने आणि कुणाबरोबर येईल, हा पहिला प्रश्न होता. झालाच तर काय करायचे, हा प्रश्न बराच नंतर आला. त्यामुळे ‘बाहेरचा’ कोण याची व्याख्या आठवड्या-आठवड्याला बदलत गेली. आधी चीन, मग विमानातून उतरलेला माणूस, मग पुण्या-मुंबईहून आलेला, मग शेजारच्या गावचा, आणि शेवटी पलीकडच्या गल्लीतला.

अभ्यासकांची मांडणी थोडक्यात अशी. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ पॉल स्लोविक यांनी १९८७मध्ये दाखवले की सामान्य माणूस धोका मोजताना मृत्यूंची संख्या पाहत नाही. गोष्ट किती धडकी भरवणारी आहे, किती अनोळखी आहे आणि आपल्या हातात किती आहे, यावर त्याचा अंदाज ठरतो. तीस धोक्यांच्या यादीत सामान्य नागरिकांच्या एका गटाने अणुवीज पहिल्या क्रमांकावर ठेवली होती. तज्ज्ञांनी तीच विसाव्या क्रमांकावर ठेवली. रोज माणसे मारणारी मोटारगाडी तज्ज्ञांच्या यादीत पहिली होती. ‘इतरांना होईल, मला नाही’ या समजुतीचा अभ्यास नील वाइनस्टाइन यांनी १९८०मध्ये मांडला. पीटर सँडमन यांचे सूत्र आणखी सुटसुटीत आहे : लोकांच्या लेखी जोखीम म्हणजे प्रत्यक्ष अपाय अधिक त्यावरचा संताप. सुरुवातीची घाबरगुंडी हा वेडेपणा नसून नव्या परिस्थितीशी जुळवून घेण्याची रंगीत तालीम असते, असेही ते म्हणतात. मराठवाड्यात ही तालीम झाली खरी. पण नाटक सुरू होईपर्यंत नट थकून घरी गेले होते.

साथ ही वाटेने चालत येणारी गोष्ट आहे, ही समजूत या भागात जुनी आहे. पटकीच्या (कॉलऱ्याच्या) साथीत मरीआईचा गाडा काढून गावशिवेपार नेऊन सोडत. पुढच्या गावाने तो आपल्या शिवेबाहेर ढकलायचा. रोग संपत नसे, गावाच्या हद्दीतून जाई, आणि तेवढे पुरेसे मानले जाई. प्लेगात लोक घरे सोडून रानात झोपड्या घालून राहत. १९१८च्या इन्फ्लुएंझाला मराठीत ‘मानमोडी’ हे नाव पडले. त्या शब्दातच रोगाचा झपाटा आहे. १८९७चा साथरोग कायदा मुंबई इलाख्यातल्या प्लेगमुळे झाला, तेव्हा मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. हाच कायदा महाराष्ट्र सरकारने १३ मार्च २०२० रोजी लागू केला. लोकांनी मात्र कायद्याआधीच आपली शीव आठवली होती.

दुसरी, ताजी आठवण भूकंपाची. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारी परिसरात हजारो माणसे घराखाली गाडली गेली. त्यानंतर लातूर-उस्मानाबादच्या खेड्यांत लोक कितीतरी दिवस उघड्यावर झोपत. घर हाच धोका, हे ज्यांनी अंगावर घेतले त्या पिढीला २०२०मध्ये नेमका उलटा आदेश मिळाला : घरातच राहा. भूकंपाने पडलेली भिंत दिसते, हा रोग दिसत नव्हता. म्हणून तो वाहून आणणारा माणूस तरी डोळ्यांना दिसावा, अशी धडपड सुरू झाली.

पहिला संशय मात्र माणसावर आला नाही, कोंबडीवर आला. भारतातला पहिला रुग्ण ३० जानेवारीला केरळात सापडला. फेब्रुवारीपासूनच चिकन खाल्ल्याने कोरोना होतो अशी आवई मोबाइलवरून पसरली आणि दर कोसळले. राज्यात ठिकठिकाणी पोल्ट्रीवाल्यांनी पक्षी फुकट वाटले, काहींनी पुरले. कोंबडीचा या रोगाशी संबंध नाही, हे पशुसंवर्धन खाते सांगत राहिले, पण ते कोण ऐकतो? गंमत अशी की त्याच आठवड्यांत लग्नसराई जोरात होती आणि पंगतीत मांडीला मांडी लावून जेवणे चालू होते. कोंबडी टाळणे हातात होते, पंगत टाळणे नव्हते. पुढे प्रत्यक्ष टाळेबंदीत कोंबडीची भीती आपसूक विरून गेली. ती कुणी खोडून काढली असे नाही. तिची जागा दुसऱ्या भीतीने घेतली.

९ मार्चला पुण्यात राज्यातले पहिले रुग्ण आढळले. मार्चच्या मध्यावर औरंगाबादेत परदेशाहून परतलेली पहिली रुग्ण नोंदली गेली आणि ती बरी होऊन घरी गेली. बरे होण्याची बातमी आजाराच्या बातमीइतकी पसरली नाही. या टप्प्यावर खेड्यांतले मत ठरलेले होते : हा विमानवाल्यांचा, श्रीमंतांचा रोग; आपल्याकडे कशाला येतोय? पैठणची नाथषष्ठीची यात्रा रद्द झाली, तुळजाभवानीचे मंदिर दर्शनाला बंद झाले, तेव्हा कुठे गांभीर्य जाणवू लागले. देवाचे दार बंद होणे ही गोष्ट जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्चला केलेल्या जागतिक साथीच्या घोषणेपेक्षा जास्त बोलकी होती. २२ मार्चला जनता कर्फ्यू झाला, संध्याकाळी थाळ्या वाजल्या, आणि काही ठिकाणी वाजवणाऱ्यांच्या मिरवणुकाही निघाल्या. २५ मार्चला, म्हणजे गुढीपाडव्यालाच, देशभर टाळेबंदी लागू झाली.

गावबंदी

टाळेबंदीच्या आगेमागे मराठवाड्यातल्या खेड्यांनी स्वतःची बंदी घातली. वेशीवर बाभळीच्या काट्या टाकल्या, कुठे बैलगाडी आडवी लावली, कुठे जेसीबीने रस्त्यात चर खणला. ‘बाहेरच्यांना गावात प्रवेश नाही’ असे फलक लागले. दवंडी फिरली, आणि दवंडीच्या पुढे व्हॉट्सॲप होतेच. तरुण पोरांनी पाळ्या लावून नाके सांभाळले. या बंदीत एक खरी समज होती : दवाखाना दूर, तपासणीचे नमुने सुरुवातीला पुण्याला पाठवावे लागत, तेव्हा रोग गावात येऊच न देणे हाच एक उपाय गावाच्या हातात होता. पण चर खणला की रुग्णवाहिकाही अडते, बाळंतिणीची जीपही अडते, आणि भाजीपाला रानातच सडतो. प्रशासनाला असे रस्ते मोकळे करायला लावावे लागले. शिवाय काट्यांच्या आतले चित्र बघण्यासारखे होते. परक्याला शंभर पावलांवर थांबवणारे आठ-दहा जण पारावर एकमेकांना टेकून पत्ते खेळत, एकाच पुडीतली तंबाखू मळत. धोका शिवेबाहेर, आत सगळे आपले. संसर्गशास्त्राच्या दृष्टीने हा हिशोब चुकीचा; गावकीच्या दृष्टीने बिनचूक.

बंदी सर्वांत जास्त टोचली ती गावच्याच लेकरांना. पुण्यात, चाकणच्या कारखान्यांत, मुंबईत कामाला असलेले मोटारसायकलवर, टेम्पोत, चालत परतू लागले. राज्याने १६ मार्चपासून घरी विलग राहणाऱ्यांच्या हातावर निवडणुकीच्या शाईचा शिक्का मारायला सुरुवात केली होती. हेतू ओळख पटवण्याचा होता, परिणाम डागाचा झाला. शिक्केवाला दिसला की दारे लागत. परतलेल्यांना झेडपीच्या शाळेत ठेवले जाई, किंवा रानातल्या आखाड्यावर. आईने डबा बांधावर ठेवून मागे सरकायचे, मग लेकाने तो उचलायचा. ‘क्वारंटाइन’चे ‘कोरंटीन’ झाले आणि तो शब्द शिवीसारखा वापरला जाऊ लागला. परिणामी ताप लपवणे सुरू झाले. पोलीस पाटील, आशाताई आणि अंगणवाडीताई घरोघर विचारत फिरत, आणि उत्तर येई, ‘आमच्यात कुणी नाही आलं.’ ज्या भीतीने गाव सावध केले, तिनेच पाहणी खोटी पाडली. रात्री मागल्या दाराने आत घेतलेल्या लेकाची नोंद कोणत्याच कागदावर झाली नाही.

ऊसतोड कामगारांचे उदाहरण याच प्रश्नाला दुसरी कड देते. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतले मजूर गळीत हंगामासाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात गेलेले होते. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’, कोयत्यांची टोळी, टोळीवर मुकादम. कारखाने बंद होत आले, जिल्ह्यांच्या सीमा बंद झाल्या आणि टोळ्या फडाजवळच्या कोप्यांतच, म्हणजे तात्पुरत्या झोपड्यांतच, अडकल्या. १७ एप्रिलला राज्य सरकारने त्यांना गावी परतण्याची परवानगी दिली. अशा मजुरांची संख्या सव्वा लाखाहून अधिक होती. गावोगाव आधी धास्ती पसरली, मग त्यांना शिवारात वेगळे राहण्यास सांगितले गेले. वास्तविक पाच महिने उसाच्या फडात राहिलेल्या, शहराशी फारसा संबंध न आलेल्या या माणसांकडून धोका पुण्याच्या हिंजवडीहून गाडी काढून आलेल्या नोकरदारापेक्षा कमीच होता. पण नोकरदार अंगणात गाडी लावून घरात गेला आणि कोयता बांधावर थांबला. जोखीम-जाणिवेला जात आणि ऐपत दोन्ही कळतात.

नांदेडमध्ये दोन ‘बाहेर’ समोरासमोर आले. हुजूर साहिब गुरुद्वाऱ्याच्या दर्शनाला आलेले सुमारे चार हजार यात्रेकरू, त्यांत पंजाबातले बहुसंख्य, टाळेबंदीत अडकले होते. एप्रिलच्या अखेरीस ते बसने परतले आणि पंजाबात त्यांच्यापैकी अनेक जण बाधित निघाले. पंजाबात म्हणाले, रोग नांदेडहून आला. नांदेडात म्हणाले, इथून निघाले तेव्हा धडधाकट होते, वाटेत किंवा गाड्यांबरोबर आलेल्यांकडून लागला असेल. पुढे गुरुद्वारा परिसरातल्या लंगरचे सेवादारही बाधित निघाले. वाद निकाली निघाला नाही, आणि अशा वादात तो निघतही नसतो. हिंगोलीचा पेच वेगळा होता. मालेगाव आणि मुंबईच्या बंदोबस्ताहून परतलेले राज्य राखीव पोलीस दलाचे जवानच मोठ्या संख्येने बाधित निघाले. लोकांना घरात बसवायला गेलेल्यांनीच रोग आणला म्हटल्यावर बोट कुणाकडे दाखवायचे?

बोट दाखवण्याची सर्वांत कडवट घटना दिल्लीतल्या तबलिगी जमात या मुस्लिम धर्मप्रचारक संघटनेच्या मेळाव्यानंतरची. मार्चच्या अखेरीपासून एका समाजालाच रोगवाहक ठरवणारे संदेश फिरले, आणि मराठवाड्याच्या बाजारपेठांतही फळे-भाजी विकणाऱ्याचे नाव विचारले जाऊ लागले. शतकानुशतके एका गल्लीत राहिलेल्या या प्रांताला ते शोभणारे नव्हते. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २१ ऑगस्ट २०२० रोजी त्या मेळाव्याला आलेल्या २९ परदेशी नागरिकांवरचे गुन्हे रद्द केले आणि साथ किंवा संकट आले की बळीचा बकरा शोधला जातो, या अर्थाचे स्पष्ट मत नोंदवले. तोवर ज्यांचे धंदे बसायचे ते बसले होते.

दिलासा देणाऱ्या समजुतीही कमी नव्हत्या. मराठवाड्याच्या ४० अंशांच्या उन्हात विषाणू टिकणार नाही, हा भरवसा एप्रिलभर पुरला. ऐन मे महिन्यात औरंगाबाद शहरातल्या रुग्णांचा आकडा हजारावर गेला. गुळवेल, हळद, सुंठ यांचे काढे उकळले, वाफारे घेतले. हात वीस सेकंद धुवा हा सल्ला मात्र चार-आठ दिवसांनी नळ येणाऱ्या घरात जरा विचित्रच वाटे. ज्या लातूरला २०१६मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथे साबणाआधी बादलीचा प्रश्न असतो. मुसक्याचे, म्हणजे मास्कचे, फारसे अवघड गेले नाही. उन्हासाठी तोंडाला दस्ती किंवा उपरणे बांधायची सवय होतीच. फक्त पोलीस दिसला की ती नाकावर चढे आणि गेला की हनुवटीवर उतरे. अनेकांच्या लेखी विषाणूपेक्षा दंडुका जवळचा होता.

धोक्याचा अंदाज चुकणे म्हणजे काय, याचा सर्वांत दुःखद दाखला ८ मे २०२०च्या पहाटेचा. जालन्याच्या पोलाद कारखान्यात काम करणारे मध्य प्रदेशातले मजूर गावी जाणारी गाडी मिळेल म्हणून भुसावळच्या दिशेने रूळ धरून चालत निघाले होते. करमाडजवळ थकून ते रुळांवरच झोपले. रेल्वे बंद आहेत, हे सगळ्या देशाला ठाऊक होते. प्रवासी गाड्या बंद होत्या. मालगाड्या चालू होत्या. सोळा जण मालगाडीखाली गेले. रुळांवर विखुरलेल्या त्यांच्या भाकऱ्यांचे छायाचित्र देशाने पाहिले. साथीच्या भीतीपेक्षा उपासमारीची भीती मोठी होती म्हणून ते निघाले, आणि ज्या एका गोष्टीची खात्री वाटली तिनेच घात केला.

जिल्ह्यांना धोक्यानुसार रंग देणाऱ्या १ मे २०२०च्या सरकारी यादीत औरंगाबाद लाल, उस्मानाबाद हिरव्या आणि उरलेले सहा जिल्हे नारिंगी क्षेत्रात होते. रंगांनीही जाणीव घडवली : हिरव्यातल्यांना आपण जिंकलो असे वाटले, नारिंगीतल्यांना शेजारचा लाल जिल्हा शत्रूसारखा. पावसाळा लागला, पेरण्या आल्या, आणि काट्या कधी उचलल्या गेल्या ते कुणाच्या लक्षातही राहिले नाही. रुग्णसंख्येचा देशातला पहिला मोठा उच्चांक सप्टेंबर २०२०मध्ये आला, तेव्हा खेड्यांच्या वेशी मोकळ्या होत्या आणि लग्ने पुन्हा गर्दीत लागत होती. एप्रिलमध्ये जिल्ह्यात दोन-चार रुग्ण असताना ज्यांनी रस्ते खणले, त्यांनी शेकडो रुग्णांच्या दिवसांत मुसके खिशात ठेवले. मार्च २०२१च्या अखेरीस नांदेड आणि बीड जिल्ह्यांत पुन्हा कडक टाळेबंदी लावावी लागली. दरम्यान २०२०च्या शरदात ऊसतोड कामगारांचा संप झाला, तो मजुरीच्या दरवाढीसाठी. दर ठरला, मुकादमांनी उचल (आगाऊ रक्कम) वाटली, आणि एप्रिलात ज्यांना बांधावर थांबवले होते त्या टोळ्या त्याच रस्त्यांनी पुन्हा कारखान्यांकडे निघाल्या.